पायथनमध्ये टीएलएस सॉकेट: ब्राउझरला चालतं, मग माझ्या स्क्रिप्टलाच काय धाड भरलीय?

खटपट्या

मंडळी, दोन दिवस डोकं आपटून झालं, आता तुमच्या दारात आलोय.

आमच्याकडे एक जुनी पायथन स्क्रिप्ट आहे. एका पुरवठादाराच्या सर्व्हरला टीएलएसने (जुनं नाव एसएसएल; जोडणी एन्क्रिप्ट करणारी आणि सर्टिफिकेटवरून समोरच्याची ओळख पटवणारी पद्धत) सॉकेट, म्हणजे नेटवर्कची जोडणी, जोडते आणि तिकडून ओळीओळीने जे येईल ते दिवसभर फाइलीत टाकत बसते. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला, मागे एकच कमेंट ठेवून: ‘हात लावू नये’. पाच वर्षं कुणी लावलाही नाही. गेल्या आठवड्यात मशीन बदललं, त्यावर पायथन ३.१२ आलं आणि स्क्रिप्ट पहिल्याच मिनिटाला आडवी. म्हणे एसएसएल मॉड्यूलमध्ये रॅप_सॉकेट नावाचं काही नाहीच.

शोधाशोध करून कॉन्टेक्स्टवाली नवी पद्धत लावली. तर आता हे:

सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड: अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट

गंमत अशी की तोच पत्ता, तोच पोर्ट ब्राउझरमध्ये टाकला की स्टेटसचं पान उघडतं, कुलूपबिलूप सगळं जागच्या जागी. शेवटी कुठेतरी सापडलेल्या दोन ओळी टाकल्या:

कॉन्टेक्स्ट.चेक_होस्टनेम = फॉल्स
कॉन्टेक्स्ट.व्हेरिफाय_मोड = एसएसएल.सर्ट_नन

चाललं! साहेब खूश, ‘टाका प्रॉडक्शनला’ म्हणाले. पण मन खातंय. या दोन ओळींनी मी नेमकं काय घालवलं? आणि पाच वर्षं बिनतक्रार चाललेलं आजच का बिघडलं?

ता.क. इथला एडिटर कोडच्या ओळी मोडतो, म्हणून नावं देवनागरीत लिहिलीत. उच्चारावरून ओळखा.

टर्मिनलकाका

आधी वाईट बातमी. आज काही बिघडलेलं नाही. पाच वर्षं बिघडलेलंच होतं, कळलं आज.

जुन्या एसएसएल.रॅप_सॉकेटला तुम्ही मुद्दाम सांगितलं नाहीत, तर ते सर्टिफिकेट तपासायचंच नाही. समोरून जे येईल ते मान्य. नाव जुळतंय का हे तर ते कधीच बघत नव्हतं. शिवाय त्याला सर्व्हरचं नाव द्यायची सोयच नव्हती, त्यामुळे एका आयपीवर चार साइट असल्या की भलतंच सर्टिफिकेट हातात यायचं. ३.७ पासून ‘हे वापरू नका’ अशी पाटी लावली होती, ३.१२ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये, काढूनच टाकलं. बरं झालं.

दोन ओळींनी काय घालवलंत? एन्क्रिप्शन शाबूत आहे, ओळख गेली. तुमचा डेटा अजूनही एन्क्रिप्ट होतोय, फक्त कोणासाठी होतोय ते तुम्हाला ठाऊक नाही. मध्ये कुणी स्वतःचं सर्टिफिकेट घेऊन बसला, तुमच्याशी एक टीएलएस जोडणी केली आणि पलीकडे पुरवठादाराशी दुसरी, तर दोन्ही जोडण्या अगदी मजबूत एन्क्रिप्टेड असतील आणि मधला माणूस सगळं वाचत बसेल. तुमची स्क्रिप्ट हूं की चूं करणार नाही.

खात्री करायची तर त्या दोन ओळींनंतर सॉकेटवर गेटपीअरसर्ट बोलावून बघा. रिकामी डिक्शनरी मिळेल. तपासलंच नाही तर सांगणार काय!

सरळ मार्ग एवढाच:

कॉन्टेक्स्ट = एसएसएल.क्रिएट_डिफॉल्ट_कॉन्टेक्स्ट()
कच्चं = सॉकेट.क्रिएट_कनेक्शन((होस्ट, पोर्ट), टाइमआउट=१०)
पक्कं = कॉन्टेक्स्ट.रॅप_सॉकेट(कच्चं, सर्व्हर_होस्टनेम=होस्ट)

शेवटच्या ओळीतलं सर्व्हर_होस्टनेम दोन कामं करतं. हस्तांदोलनात, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या बोलणीत, ‘मला अमुक साइट हवीय’ असं सर्व्हरला सांगतं, आणि आलेलं सर्टिफिकेट त्याच नावाचं आहे ना ते पडताळतं. टाइमआउट विसरू नका. तो नसेल तर समोरचा गप्प बसला की तुम्हीही जन्मभर गप्प.

अवांतर: ‘कच्चं’ आणि ‘पक्कं’ ही व्हेरिएबलची नावं पायथन ३ खरोखरच चालवून घेतं. अंक मात्र देवनागरीत लिहिलेत तर ओरडेल.

बिनधास्त_बिट

काका, तुमचं पुस्तकी ज्ञान मान्य. पण हे आतल्या नेटवर्कवर असेल तर एवढा आटापिटा कशाला? आम्ही सगळीकडे सर्ट_नन लावतो, आजवर काही झालं नाही.

तिसरी_खिडकी

बिनधास्त, ‘काही झालं नाही’ आणि ‘काही झालेलं कळलं नाही’ यात फरक आहे हो. सर्ट_नन लावल्यावर कळायचा रस्ताच तुम्ही बुजवलाय. आणि नेटवर्कवर एवढा भरवसा असेल तर टीएलएसचं ओझं तरी का वाहता? साधं सॉकेट वापरा, निदान पुढच्याची फसगत होणार नाही.

टर्मिनलकाका

+१. आता मूळ दुखणं. खटपट्या, हे चालवा आणि काय येतं ते इथे टाका. पुरवठादाराचं नाव खोडून:

ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट होस्ट:पोर्ट -सर्व्हरनेम होस्ट -शोसर्ट्स

‘सर्टिफिकेट चेन’ या शब्दांखाली किती नोंदी आहेत ते मोजा. मला संशय आहे, एकच असेल.

खटपट्या

काका, तुम्ही ज्योतिषी का? एकच आहे. शून्य क्रमांकाची. तिच्यात ‘एस’पुढे सर्व्हरचं नाव, ‘आय’पुढे कुठल्यातरी इंटरमीडिएटचं. बाकी काही नाही. अगदी शेवटी ‘व्हेरिफाय रिटर्न कोड: २१’.

टर्मिनलकाका

ज्योतिष कसलं, हे दुखणं वर्षातून चारदा तरी बघतो.

सर्टिफिकेटची साखळी असते. तळाला सर्व्हरचं स्वतःचं, त्यावर सही मधल्याची म्हणजे इंटरमीडिएटची, मधल्यावर सही मुळाची, म्हणजे रूटची. तुमच्या मशीनवर फक्त रूट असतात. मधलं सर्टिफिकेट सर्व्हरने स्वतःहून द्यायचं असतं. तुमचा पुरवठादार शेंडा तेवढा देतोय, मधला दुवा देत नाहीये. ओपनएसएसएल (टीएलएसचं काम करणारी लायब्ररी) शेंड्यावरची सही बघतं, सही करणारा शोधायला जातं, तो ना सर्व्हरने दिलेला ना मशीनवर असलेला. म्हणून ‘लोकल इश्युअर’ मिळत नाही. त्या एररचा अर्थ शब्दशः हाच.

मग ब्राउझरला कसं चालतं? ब्राउझर लाड करतात. सर्टिफिकेटमध्येच ‘माझ्यावर सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट इथे मिळेल’ असा एक पत्ता लिहिलेला असतो. क्रोम त्या पत्त्यावर जाऊन मधला दुवा घेऊन येतो. फायरफॉक्स ज्ञात इंटरमीडिएटांचा साठा आधीच जवळ ठेवतो. पायथनच्या खाली बसलेलं ओपनएसएसएल यातलं काहीही करत नाही. म्हणजे ब्राउझरमधलं कुलूप हा सर्व्हरची मांडणी बरोबर असल्याचा पुरावा नव्हेच.

खरा उपाय पुरवठादाराकडे. त्याने सर्टिफिकेटच्या फाइलीत आधी स्वतःचं, मग इंटरमीडिएट, याच क्रमाने जोडून लावायचं. पाच मिनिटांचं काम.

खटपट्या

पुरवठादाराला मेल केली. उत्तर: ‘आमच्याकडे ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालतंय. प्रॉब्लेम तुमच्या बाजूला आहे.’ वर तिकीट बंद.

तिसरी_खिडकी

हाहाहा. हे वाक्य त्यांच्याकडे तयारच असतं, फक्त चिकटवतात. त्यांना तुमचा पायथन दाखवूच नका, ‘स्क्रिप्ट तुमची’ म्हणून हात झटकतील. लिनक्सवरच्या कर्लने, म्हणजे कमांडवरून पत्ता मागणाऱ्या तयार प्रोग्रामने, तोच पत्ता मागा, एरर ६० येईल. तो आणि एस_क्लायंटचा एकाकी शून्य, दोन्ही जोडून तिकीट पुन्हा उघडा. कर्ल तुम्ही लिहिलेलं नाही, एवढा एक मुद्दा पुरतो.

सावकाश

तोवर प्रॉडक्शन थांबवता येत नसेल तर सर्ट_नन न लावता असं करा. मधलं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या साइटवरून ते उतरवून घ्या, पीईएम या मजकुरी स्वरूपात ठेवा, आणि

कॉन्टेक्स्ट = एसएसएल.क्रिएट_डिफॉल्ट_कॉन्टेक्स्ट()
कॉन्टेक्स्ट.लोड_व्हेरिफाय_लोकेशन्स('मधला.पीईएम')

इथे एक खड्डा आहे, मी त्यात पडलोय. तीच फाइल पहिल्या ओळीतच सीएफाइल म्हणून दिलीत तर मशीनवरचे रूट लोड होतच नाहीत, फक्त तुमची फाइल. मग मधला आहे पण मूळ नाही, आणि ३.१२ वर तुम्ही परत ‘व्हेरिफाय फेल्ड’पाशी. मी अर्धा दिवस ‘फाइल तर दिलीय ना बाबा’ करत बसलो होतो. आधी रिकाम्या कंसाने डिफॉल्ट घ्या, मग भर घाला.

उलट सर्व्हर तुमचाच असेल आणि सर्टिफिकेट स्वतः सही केलेलं असेल, तर सीएफाइलच द्या. तिथे जगातले शंभरेक रूट हवेतच कशाला? तुमचं एक पुरे.

बिनधास्त_बिट

बरं, मानलं. पण आमची स्वतःची सीए (सर्टिफिकेटवर सही करणारी यंत्रणा) आहे, सीएफाइल देऊनही ३.१३ वर सगळं फुटलं. ‘मिसिंग ऑथॉरिटी की आयडेंटिफायर’. ३.१२ वर तेच सर्टिफिकेट गुण्यागोविंदाने नांदत होतं. म्हणून तर वैतागून सर्ट_नन लावलं ना!

सावकाश

अच्छा, म्हणजे बिनधास्तपणामागे दुखणं होतं तर. ३.१३ पासून डिफॉल्ट कॉन्टेक्स्टमध्ये काटेकोर तपासणीचा झेंडा चालू असतो. घरगुती सीएची जुनी सर्टिफिकेटं बहुतेकदा कुठल्यातरी ब्लॉगवरच्या दोन कमांड चिकटवून बनलेली असतात, त्यांत ही पुरवणी (सही कोणाच्या किल्लीने झाली ते सांगणारी नोंद) नसते. सर्टिफिकेटं पुन्हा काढा, पुरवणीसकट. तोवर तेवढाच झेंडा उतरवा:

कॉन्टेक्स्ट.व्हेरिफाय_फ्लॅग्ज &= ~एसएसएल.व्हेरिफाय_एक्स५०९_स्ट्रिक्ट

ओळख आणि नाव दोन्ही तपासणं चालूच राहतं. एका खिळ्यासाठी अख्खं दार उखडायची गरज नाही.

पाहुणा_पीएचपी

वाचतोय, छान चाललंय. आमच्याकडेही हाच इतिहास. पीएचपीच्या स्ट्रीम सॉकेटमध्ये ५.६ पासून, म्हणजे २०१४ पासून, तपासणी आपोआप चालू झाली आणि लोकांनी लगेच व्हेरिफाय_पीअर फॉल्स करायला सुरुवात केली. ती ओळ अजून जुन्या कोडमध्ये सापडते. असो, चालू द्या.

तिसरी_खिडकी

धागा थोडा पळवते, खटपट्या माफ करा. माझं दुखणं सर्व्हरच्या बाजूचं. पायथनमध्येच छोटा टीएलएस सर्व्हर लिहिलाय. ऐकणारं सॉकेट रॅप केलं, त्यावर ॲक्सेप्ट, प्रत्येक जोडणीला वेगळा थ्रेड. चाचणीत झकास. प्रत्यक्षात दिवसातून एकदोनदा सगळं गोठतं. सीपीयू शून्य, एरर नाही, लॉग नाही, नवीन क्लायंट नुसते ताटकळतात. आधीचे जोडलेले मात्र मजेत बोलत असतात. रीस्टार्ट केलं की ठीक.

टर्मिनलकाका

‘आधीचे मजेत, नवे ताटकळत’. इथेच उत्तर आहे. तुम्ही ऐकणारंच सॉकेट रॅप केलंय, त्यामुळे ॲक्सेप्ट फक्त जोडणी घेत नाही, टीएलएसचं हस्तांदोलनही तिथेच उरकतं. आणि तुमचा ॲक्सेप्ट मुख्य लूपमध्ये आहे. कुणी टीसीपी जोडणी केली आणि एक बाइटही न बोलता नुसता उभा राहिला, तर ॲक्सेप्ट त्याच्या पहिल्या शब्दाची वाट बघत बसतो. रांगेतला पहिला माणूस खिडकीशी येऊन मुका झाला, मागची सगळी रांग उभी. थ्रेड पुढे आहेत, पण तिथवर कुणी पोचतच नाही.

असा मुका यायला हल्लेखोरच लागतो असं नाही. पोर्ट चाचपणारा स्कॅनर, लोड बॅलन्सरची तब्येत-तपासणी, मध्येच नेटवर्क गेलेला मोबाइल, कुणीही पुरतो.

करून बघा. सर्व्हर चालू करा, दुसऱ्या टर्मिनलमध्ये नेटकॅटने (नुसती साधी जोडणी करणारी कमांड) तो पोर्ट जोडा आणि काही टाइप करू नका. तिसऱ्या टर्मिनलमधून तुमचा खरा क्लायंट सोडा.

तिसरी_खिडकी

बापरे. गोठला. नेटकॅटमध्ये कंट्रोल-सी दाबलं आणि त्याच क्षणी क्लायंट सुटला. चार महिने मी मेमरी लीक शोधत होते.

टर्मिनलकाका

ऐकणारं सॉकेट कच्चंच ठेवा. ॲक्सेप्ट कच्च्यावर, मग थ्रेडच्या आत पहिल्या ओळीला सेटटाइमआउट(५), दुसऱ्या ओळीला कॉन्टेक्स्ट.रॅप_सॉकेट(जोडणी, सर्व्हर_साइड=ट्रू), आणि त्याभोवती ट्राय. मुक्याला मरायचं तर तो आपल्या थ्रेडमध्ये मरेल. ऐकणाऱ्या सॉकेटला टाइमआउट लावून भागेल असं वाटेल, पण ॲक्सेप्टमधून निघालेल्या नव्या सॉकेटकडे तो टाइमआउट वारशाने जात नाही. नव्याला वेगळा लावावाच लागतो.

आणि सर्व्हरचा कॉन्टेक्स्ट बनवताना पर्पज.क्लायंट_ऑथ द्या. नाव ऐकून उलटं वाटतं, पण अर्थ ‘क्लायंटची ओळख पटवण्यासाठी’, म्हणजे सर्व्हरच्या बाजूला. यावर प्रत्येक जण एकदा तरी अडखळतो.

खटपट्या

धागा खुशाल पळवा, मलाही उपयोग होतोय. आता माझाच पुढचा प्रश्न. सावकाश यांच्या ‘मधला.पीईएम’ने जोडणी झाली, तपासणीसकट. धन्यवाद! पण स्क्रिप्ट सिलेक्ट वापरते: सॉकेटवर काही आलं की १०२४ बाइट वाचायचे, परत सिलेक्ट. काही वेळा पुरवठादाराने मोठा गठ्ठा पाठवला की अर्धाच येतो, बाकीचा पुढचा गठ्ठा येईपर्यंत लटकतो. साध्या सॉकेटवर असं कधी झालं नव्हतं.

सावकाश

हा माझ्या आवडीचा. साध्या सॉकेटवर सिलेक्ट कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विचारतं, ‘काही आलंय?’ आणि जे काही आलंय ते कर्नलकडेच असतं. टीएलएसमध्ये डेटा रेकॉर्डमध्ये येतो, एकेक रेकॉर्ड १६,३८४ बाइटांपर्यंत. तो पूर्ण आल्याशिवाय उलगडतच नाही. म्हणून तुम्ही १०२४ मागितले तरी ओपनएसएसएल अख्खा रेकॉर्ड कर्नलकडून उचलतं, उलगडतं, १०२४ तुमच्या हातात ठेवतं आणि उरलेले स्वतःच्या खिशात. आता सिलेक्ट कर्नलला विचारतं. कर्नल म्हणतं माझ्याकडे काही नाही. खरंच बोलतंय बिचारं. माल खिशात आहे, आणि खिसा सिलेक्टला दिसत नाही.

वाचून झाल्यावर पक्कं.पेंडिंग() विचारा. शून्य होईपर्यंत वाचत राहा, मगच सिलेक्टकडे जा. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग असेल तर ‘वाँट रीड’ अपवाद येईपर्यंत वाचायचं, परिणाम तोच. आणि हो, एक सेंड म्हणजे पलीकडे एक रिसीव्ह असं कधीच धरू नका, ओळ कुठेही तुटू शकते. बफरमध्ये साठवून न्यूलाइनवर तोडा.

तिसरी_खिडकी

आणखी एक भर, क्लायंट सर्टिफिकेट वापरणाऱ्यांसाठी. टीएलएस १.३ मध्ये क्लायंटचं हस्तांदोलन सर्व्हरने तुमचं सर्टिफिकेट तपासायच्या आधीच पूर्ण होतं. म्हणजे रॅप_सॉकेट आनंदाने परत येतं, तुम्ही ‘जोडलं’ असं लॉग करता, आणि नकार पहिल्या रिसीव्हला अंगावर येतो. १.२ वर तोच नकार रॅप_सॉकेटमध्येच यायचा. आमच्या लॉगमध्ये ‘जोडलं’ आणि ‘तुटलं’ जोडीजोडीने दिसायचं, आम्ही नेटवर्कवाल्यांना शिव्या घालत होतो.

बिनधास्त_बिट

माझ्याकडूनही एक, फुकट. ‘राँग व्हर्जन नंबर’ दिसला तर टीएलएसची आवृत्ती बदलत बसू नका. बहुतेक वेळा तुम्ही साध्या पोर्टवर टीएलएस बोलताय. समोरचा साध्या अक्षरांत उत्तर देतो आणि ओपनएसएसएल त्यातच आवृत्तीचा आकडा शोधतं. समोरच्या लॉगमध्ये १६ ०३ ०१ असे हेक्स बाइट दिसले की नक्की समजा, ती टीएलएसची पहिली हाक आहे. मेल पाठवताना ५८७ आणि ४६५ ची अदलाबदल केली की हमखास. ५८७ वर आधी साधं बोलायचं, मग स्टार्टटीएलएस म्हणून टीएलएसवर जायचं.

टर्मिनलकाका

बिनधास्त, शाबास. त्यातच जोडतो: पायथनच्या मेल पाठवणाऱ्या एसएमटीपीलिब मॉड्यूलच्या स्टार्टटीएलएसला कॉन्टेक्स्ट स्वतः द्या. न दिल्यास ते सर्टिफिकेट तपासत नाही.

खटपट्या

अपडेट. कर्लचा एरर ६० जोडून तिकीट पुन्हा उघडलं. दोन दिवस शांतता. आज सकाळी मेल न येताच साखळीत दोन नोंदी दिसायला लागल्या, शून्य आणि एक. तिकिटावर शेरा: ‘आमच्या बाजूने कोणताही बदल केलेला नाही. कृपया पुन्हा तपासा.’ तपासलं. ‘मधला.पीईएम’ काढून टाकला, तरी चालतंय. पेंडिंगवालं लूपही लावलं, लटकणं बंद.

जाता जाता गेटपीअरसर्टमधून नॉटआफ्टर (मुदत संपायची तारीख) काढून रोज लॉगमध्ये उरलेले दिवस लिहायची ओळ घातली. एसएसएल.सर्ट_टाइम_टू_सेकंड्स ती तारीख सरळ सेकंदांत देतं. सार्वजनिक सर्टिफिकेटांची मुदत मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवस होणार आहे, म्हणजे हे लोक वर्षातून आठ वेळा तरी साखळी लावायला विसरू शकतात.

‘हात लावू नये’ ही कमेंट काढलीय. तिच्या जागी या धाग्याचा पत्ता.

तिसरी_खिडकी, तुमच्या सर्व्हरचं काय झालं?

तिसरी_खिडकी

काल संध्याकाळपासून नेटकॅटची एक खिडकी सारखी जोडत ठेवलीय, एक अक्षर न टाइप करता. पाच सेकंदांनी सर्व्हर तिला हाकलतो, ती परत येते, परत हाकलतो. बाकीच्यांना पत्ताच नाही.